मेंदूची जोडणी उलगडणारा डॉक्टर

काही महिन्यांपूर्वी आमच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन रुग्ण होते. पहिल्या गृहस्थांच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या कपाळामागे चांगला लिंबाएवढा जुना डाग होता. तिथला रक्तपुरवठा केव्हातरी बंद पडून तो भाग मेला होता. पण हे कधी घडलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते हाताला मुंग्या येतात म्हणून आले होते. जेवत होते, हिंडत होते, आणि घरी कधी सोडणार यावरून सिस्टरांशी रोज वाद घालत होते. दुसऱ्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांचे डाग एमआरआयमध्येही शोधावे लागले. मेंदूच्या अगदी मध्यावर, थॅलॅमस नावाच्या भागात, दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढे दोन ठिपके. आजी दिवसभर झोपून असत. हलवून उठवलं तर डोळे उघडत, मुलाला ओळखत, पण पाच मिनिटांपूर्वी चहा प्यायल्याचं त्यांना आठवत नसे.

मुलानं दोन्ही फिल्म पाहिल्या होत्या. एवढ्या मोठ्या डागाचा माणूस फिरतो आणि एवढ्याशा ठिपक्यानं आई उठत नाही, हे कसं, असं त्यानं मला विचारलं. मी त्याला रेल्वेचं उदाहरण दिलं. एखाद्या आडबाजूच्या फाट्यावरचे चार किलोमीटर रूळ उखडले तरी वेळापत्रक फारसं हलत नाही. कल्याण जंक्शनचा सिग्नल तासभर बंद पडला तर कसाऱ्याची गाडी अडते, कर्जतची अडते आणि उत्तरेकडून येणारी मेलही अडते. मेंदूतही किती गेलं याच्याइतकंच कुठलं गेलं, त्या जागेला कोण कोण जोडलेलं होतं, हे महत्त्वाचं असतं.

त्याला ते पटलं. पण असं उत्तर देता यावं यासाठी आधी एक गोष्ट सिद्ध व्हावी लागली होती: मेंदूत वेगवेगळे धागे आहेत आणि ते ठरावीक जागी, ठरावीक क्रमानं जोडलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक तज्ज्ञ हे मानत नव्हते. ते पटवून दिलं स्पेनमधल्या एका डॉक्टरनं. त्यांचं नाव सान्तियागो रामोन इ काहाल.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. वडील हुस्तो हे गावोगावी बदली होत फिरलेले शस्त्रवैद्य. गरिबीतून शिकलेले, कडक, आणि मुलानं डॉक्टरच व्हायचं यावर ठाम. मुलाला चित्रकार व्हायचं होतं. बापलेकांची ही ओढाताण कितीतरी वर्षं चालली. मुलगा भिंती रंगवायचा, शाळेत मार खायचा. अकरा वर्षांचा असताना त्यानं घरी लाकडाची तोफ बनवून शेजाऱ्याचं फाटक उडवलं आणि त्यासाठी काही दिवस कोठडीत काढले. वडिलांनी वैतागून त्याला आधी न्हाव्याकडे, मग चांभाराकडे कामाला ठेवलं.

शेवटी वडिलांनीच तोडगा काढला. १८६८च्या उन्हाळ्यात ते मुलाला घेऊन जुन्या दफनभूमीत गेले, तिथली उघडी पडलेली हाडं गोळा केली आणि ती समोर ठेवून त्याला शरीररचना शिकवू लागले. हाडं काढायची तर ती नीट पाहावी लागतात. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाला ते आवडलं. डॉक्टरकीकडे तो असा मागच्या दारानं आला, आणि पेन्सिल त्यानं जन्मभर सोडली नाही.

१८७३ मध्ये सारागोसातून वैद्यकीय पदवी मिळाली आणि लगेच लष्करात भरती व्हावं लागलं. क्युबात तेव्हा स्पेनविरुद्ध बंड चालू होतं. १८७४ मध्ये काहाल तिथे लष्करी डॉक्टर म्हणून गेले आणि दलदलीतल्या एका ठाण्यावर, रुग्णांच्या बरोबरीनं, स्वतःच हिवतापानं आणि आमांशानं आडवे झाले. १८७५ मध्ये हाडांचा सापळा होऊन परतले. तिथल्या पगारातून उरलेल्या पैशांत त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला. १८७८ मध्ये थुंकीतून रक्त पडू लागलं. क्षय झाला होता. क्षयावर औषध नसलेल्या त्या काळात ते वाचले. पुढच्याच वर्षी सिल्वेरिया यांच्याशी लग्न झालं. त्यांना सात मुलं झाली. तुटपुंज्या पगारात नवऱ्याची रसायनं, काचा, प्राणी आणि छपाईचा खर्च बसवून एवढं घर या बाईंनी कसं चालवलं असेल, याची हकिकत कुणी लिहिलेली मी वाचलेली नाही. ती वाचायला मला आवडेल.

१८८५ मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा काहाल वालेन्सियात प्राध्यापक होते. सारागोसाच्या प्रांतिक मंडळासाठी त्यांनी साथीचा अभ्यास केला आणि मंडळानं कृतज्ञतेनं त्यांना झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. जंतूंमागे लागावं की ऊतींमागे, असा प्रश्न तेव्हा त्यांच्यापुढे होता. जंतुशास्त्रात नाव होतं, पैसाही होता. पण त्याला लागणारी प्रयोगशाळा परवडणारी नव्हती. ऊती स्वस्त होत्या.

त्या काळी मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काय दिसायचं? पेशींचे ठिपके आणि त्यांच्यामध्ये धाग्यांची दाट गिचमिड. कुठला धागा कुठल्या पेशीचा आणि तो कुठे संपतो, ते कळतच नसे. त्यामुळे हे सगळं मिळून एकच अखंड जाळं आहे, असं मत रूढ झालं. माशांच्या जाळ्याच्या गाठी जशा एकमेकींत मिसळलेल्या असतात, तशा पेशी एकमेकींत मिसळलेल्या आहेत, असा त्याचा अर्थ.

इटलीतले कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये एक विलक्षण रंगप्रक्रिया शोधून काढली होती. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. मग हजारो पेशींपैकी अगदी मोजक्या पेशी मुळापासून टोकापर्यंत काळ्याभोर होतात आणि बाकीच्या पिवळट पारदर्शक राहतात. नेमक्या त्याच पेशी का रंगतात, याचं समाधानकारक उत्तर अजूनही मिळालेलं नाही. पण या पद्धतीचं सगळं बळ मोजक्याच पेशी रंगण्यात आहे. सगळ्या रंगल्या असत्या तर पुन्हा गिचमिडच दिसली असती. मात्र पद्धत लहरी होती. कधी जमे, कधी नुसते काळे डाग पडत. चौदा वर्षं फारसं कुणी तिकडे वळलं नाही. आणि खुद्द गोल्जी अखंड जाळ्याच्या मताचे होते.

१८८७ मध्ये माद्रिदला लुइस सिमारो या सहकाऱ्याच्या घरी काहाल यांनी गोल्जी पद्धतीचे काप पाहिले आणि त्यांना वेड लागलं. त्याच वर्षी ते बार्सिलोनाला रुजू झाले. त्यांनी दोन साधे बदल केले. पहिला, रंगवण्याची प्रक्रिया एकदाऐवजी दोनदा. दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. माजलेल्या अरण्यात एकेक झाड सुटं दिसत नसेल तर रोपवाटिकेत जाऊन पाहावं, असा त्यांचा विचार होता. म्हणून त्यांनी प्रौढ मेंदू बाजूला ठेवला आणि अंड्यातल्या पिल्लांचे, नवजात प्राण्यांचे मेंदू घेतले. तिथे धागे आखूड असतात आणि त्यांच्यावर चरबीचं आवरण चढलेलं नसतं, त्यामुळे चांदीचा रंग पूर्ण बसतो.

१८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असणाऱ्या अनुमस्तिष्कात, त्यांना जे दिसलं त्यानं चित्र पालटलं. तिथे पुर्किंजे नावाच्या मोठ्या पेशी एका ओळीत उभ्या असतात आणि प्रत्येकीचा फांद्यांचा पसारा पंख्यासारखा चपटा असतो. दुसऱ्या काही पेशींचे धागे खाली येऊन या पेशींच्या बुडाशी टोपलीसारखं वेटोळं करत होते आणि तिथेच संपत होते. पेशीत शिरत नव्हते. तिला बिलगून, पण तिच्याबाहेर. काहाल यांनी शेकडो काप पाहिले. सगळीकडे धाग्याला मोकळं टोक होतं.

म्हणजे अखंड जाळं नव्हतंच. सुट्या पेशी होत्या आणि एकीचा धागा दुसरीला भेटत होता.

आणि या भेटी वाटेल तशा नव्हत्या. पुर्किंजे पेशींच्या पंख्यांमधून आडवे धागे जात होते, खांबांवरून तारा जाव्यात तसे. असा एक धागा वाटेतल्या कितीतरी पेशींना ओझरता स्पर्श करत जातो. दुसऱ्या प्रकारचा धागा मात्र वेलीसारखा एकाच पेशीवर चढतो आणि तिला सर्वांगानं वेढतो. आजच्या मोजणीप्रमाणे एका पुर्किंजे पेशीला आडव्या धाग्यांच्या लाखाहून अधिक जोडण्या असतात आणि प्रौढ वयात वेल बहुधा एकच. हजारोंची कुजबुज आणि एकाचा खणखणीत आवाज, अशी ही रचना. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी या लहान मेंदूतच आहेत. म्हणजे पेशींची संख्या सर्वात मोठी तिथे, आणि तरी भान, भाषा, आठवण यांचा भार मुख्यतः दुसरीकडे. जाळ्याचं मोल नुसती डोकी मोजून ठरत नाही, हे यावरूनही दिसतं.

हे छापणार कोण? काहाल यांनी स्वतःच्या खर्चानं त्रैमासिक काढलं. पहिला अंक मे १८८८ मध्ये निघाला, प्रती अवघ्या साठ. त्या परदेशी तज्ज्ञांना पाठवल्या. स्पॅनिश कुणाला येत नव्हतं. फारशी दखल घेतली गेली नाही. मग १८८९ मध्ये पदरमोड करून ते बर्लिनला जर्मन शरीररचना परिषदेला गेले, आपला सूक्ष्मदर्शक आणि काप घेऊन. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून दाखवू लागले. त्या शास्त्रातले ज्येष्ठ अल्बर्ट क्योलिकर यांनी नळीत डोळा घातला आणि त्यांचं मत बदललं. तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. पुढे काहाल यांचे लेख वाचता यावेत म्हणून ते स्पॅनिश शिकले. सत्तरीनंतर जन्माचं मत बदलणारा आणि त्यासाठी नवी भाषा शिकणारा प्राध्यापक माझ्या तरी पाहण्यात नाही.

१८९१ मध्ये वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञानं या सगळ्याचा सारांश लिहिला आणि सुट्या पेशीला न्यूरॉन हे नाव दिलं. नावाबरोबर बरंचसं श्रेयही त्याच्याकडे गेलं. संदेश पेशीच्या फांद्यांकडून आत येतो आणि लांब शेपटीसारख्या धाग्यातून बाहेर जातो, हा दिशेचा नियम काहाल यांनी त्याच सुमारास मांडला. जाळ्यात नुसती जोडणी नाही, एकदिशा रस्ते आहेत, हे त्यातून कळलं. लकवा, बधिरपणा, दृष्टीचा अर्धा भाग जाणं, यांवरून बिघाड नेमका कुठे आहे ते आम्ही खाटेपाशी उभं राहून सांगतो, त्यामागे या सुट्या, दिशा असलेल्या वाटांचं चित्र असतं.

बार्सिलोनातल्या त्या भराच्या वर्षांतच त्यांची एक छोटी मुलगी मेंदूच्या आवरणाच्या दाहानं गेली. ती आजारी असताना ते सूक्ष्मदर्शकात तोंड खुपसून बसले होते. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे, आणि स्वतःला फारसं सोडलेलं नाही.

काहाल यांच्या कामातला एक भाग मात्र त्यांच्या हयातीत मागे पडला, आणि आज तोच पुन्हा वर आला आहे. पेशींचे आकार इतके चित्रविचित्र का, धागा कधी पेशीच्या पोटातून तर कधी फांदीतूनच का फुटतो, असे प्रश्न त्यांना पडत. त्यांचं उत्तर काटकसर हे होतं: जागेची, मालाची आणि वेळेची. कवटी लहान, तारा आखूड हव्यात, कमी लागायला हव्यात, आणि संदेश लवकर पोचायला हवा. हे उत्तर डॉक्टरला लगेच पटतं. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण विश्रांतीतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. अशा खर्चिक अवयवात उधळपट्टी चालणार नाही.

पण या तीन काटकसरी एकमेकींच्या विरोधातही जातात. तार वाचवायची तर प्रत्येकानं फक्त शेजाऱ्याशी जोडावं. मग लांबचा निरोप शंभर हात बदलत जाणार आणि वेळ वाया जाणार. वेळ वाचवायचा तर प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट तार हवी. मग कवटी पुरणार नाही. खरी जाळी यातून कसा मार्ग काढतात? १९८६ मध्ये सिडनी ब्रेनर, जॉन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी एका मिलिमीटरभर कृमीच्या ३०२ चेतापेशींचा संपूर्ण जोडणी-नकाशा प्रसिद्ध केला. १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञांनी तो नकाशा, अमेरिकेतलं एक वीजजाळं आणि चित्रपटात एकत्र काम केलेल्या नटांचं जाळं शेजारी ठेवून पाहिलं. तिन्हीकडे एकच घडण निघाली. बहुतेक जोडण्या जवळच्यांशी, शेजाऱ्यांचे शेजारीही एकमेकांशी जोडलेले, आणि अधूनमधून थोड्या लांब तारा. त्या थोड्या तारांमुळे कृमीतल्या कुठल्याही पेशीपासून दुसरीपर्यंत सरासरी तीनहून कमी टप्प्यांत पोचता येतं.

पुढे हिशेब करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पेशींची जागा बदलून कृमीची तार अजूनही वाचवता आली असती, पण तेव्हा ज्या लांब तारा आखूड होतील त्यांच्याबरोबर टप्पे वाढले असते. म्हणजे निसर्गानं थोडी तार जास्त खर्चून वेळ विकत घेतला आहे. माणसाच्या मेंदूत या लांब तारा काही मोजक्या ठाण्यांवर एकवटतात, आणि ती ठाणी एकमेकांशीही घट्ट जोडलेली असतात. थॅलॅमस त्यांपैकी एक. अल्झायमरच्या आजारात अमायलॉइड प्रथिनाचा थरही मेंदूच्या सालीतल्या अशा गजबजलेल्या ठाण्यांवर लवकर साठताना दिसतो. ज्या रचनेमुळे निरोप लवकर पोचतो, तिच्यामुळेच घाव वर्मी बसतो. आमच्या आरोग्यव्यवस्थेतही उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय असं करत सगळ्या वाटा मोठ्या रुग्णालयात येतात, आणि तिथलं एक सीटी मशीन बंद पडलं की तीन तालुक्यांतले रुग्ण अडतात. हे मी नेहमी पाहतो.

१९०६ चं वैद्यकाचं नोबेल गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळालं. दोघांची पहिली भेट स्टॉकहोममध्येच झाली. गोल्जींनी आपल्या भाषणात न्यूरॉनच्या कल्पनेवर टीका केली आणि अखंड जाळ्याचा पक्ष पुन्हा मांडला. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपल्या भाषणात त्याच पद्धतीनं नेमकं उलट दाखवलं. पद्धत एकाची, अर्थ दुसऱ्याचा.

काहालही हट्टाच्या बाबतीत कमी नव्हते. त्यांचेच शिष्य देल रिओ ओर्तेगा यांनी मेंदूतल्या सूक्ष्म रक्षक पेशी वेगळ्या करून दाखवल्या, तेव्हा गुरूंना ते पचलं नाही आणि १९२० मध्ये शिष्याला प्रयोगशाळा सोडावी लागली. शिष्याचं बरोबर होतं. चेतातंतू तुटल्यावर काय होतं, यावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात काहाल यांनी प्रौढ मेंदूतल्या वाटा कायमच्या ठरलेल्या असतात, तिथलं मेलेलं पुन्हा उगवत नाही, असा निर्वाळा दिला. तो पुढच्या पिढ्यांनी जरा जास्तच मनावर घेतला. त्याच काहाल यांनी १८९४ मध्ये लंडनच्या व्याख्यानात, मेंदूच्या व्यायामानं आहेत त्याच पेशींमधल्या जोडण्या वाढू शकतात, असं सुचवलं होतं. मेलेली पेशी परत येत नाही, हे बहुतांशी खरं. उरलेल्या पेशी नव्या जोडण्या करतात, हेही खरं. पक्षाघातानंतरचा व्यायाम या दुसऱ्या गोष्टीवर चालतो.

१९३० मध्ये सिल्वेरिया गेल्या. म्हातारपणी काहाल यांना मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक होण्याचं निदान झालं होतं. डोकं दुखे, ऐकू कमी येई. तरी १९३३ मध्ये, ऐंशी उलटल्यावर, न्यूरॉन की जाळं या जुन्या वादावर त्यांनी पुन्हा एक दीर्घ लेखन प्रसिद्ध केलं. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये त्यांचं निधन झालं. मागे जवळजवळ तीन हजार चित्रं राहिली.

दोन पेशींमधली फट त्यांनी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. साध्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसत नाही. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं ती दाखवली. गोल्जींच्या पदरातही थोडं पडलं. काही पेशी सूक्ष्म नळ्यांनी एकमेकींना थेट जोडलेल्या असतात, हे नंतर कळलं. आणि २०२३ मध्ये कंगव्यासारख्या केसांच्या ओळींनी पोहणाऱ्या एका समुद्री जीवाच्या शरीरात चेतापेशी खरोखरच एकमेकींत मिसळलेलं अखंड जाळं सापडलं.

आजी मागच्या आठवड्यात ओपीडीत आल्या होत्या. आता दुपारपर्यंत जाग्या असतात. मुलानं वही केली आहे. सकाळपासून काय काय झालं ते त्यात लिहितो आणि संध्याकाळी त्यांना विचारतो. मी वही पाहिली. आधीच्या पानांवर नुसत्या फुल्या आहेत. अलीकडच्या पानांवर चहापुढे दोनदा बरोबरची खूण आहे.